उजवीकडची सीट

१

चिमणीला चिमणी हे नाव थोरल्या बहिणीने ठेवलं होतं, अंगाने काडी म्हणून. चव्वेचाळिसाव्या वर्षीही ते तिला चिकटून होतं. दातांच्या कवळ्या बनवण्याच्या कारखान्यात ती अठरा वर्षं कामाला होती. मेणाच्या हिरडीत एकेक दात बसवायचा, शेजारच्या दाताशी जुळतो का बघायचं, नाही जुळला तर काढून पुन्हा बसवायचा. अशा बाईने एके दिवशी जेवता जेवता सांगितलं, की मला विमान चालवायला शिकायचंय. नवऱ्याने हातातला घास संपवला, पाणी प्यायलं आणि मग विचारलं, "खरं का?"

"खरं नाही तर काय. नाव चिमणी ठेवलंय, एकदा तरी उडायला नको?"

नवरा सुतार होता. बोलणं कमी, हात चालू. त्याने वाद घातला नाही. शहराबाहेर एका धावपट्टीचं छोटं विमानतळ होतं, तिथल्या क्लबात ती दर रविवारी सकाळी जाऊ लागली. पण आठवड्यातून एक तास म्हणजे सहा दिवसांत हात गंजायचा. मग नवऱ्याने वर्कशॉपमागची फळ्या ठेवायची खोली रिकामी केली आणि प्लायवूडमध्ये विमानाचा पुढचा भाग उभा केला. भंगारातल्या गाडीची सीट, तीन पडदे, पायाशी पेडलं, समोर योक. योक म्हणजे विमानाचं स्टिअरिंग, फिरवलं की विमान कलतं, ओढलं की नाक वर जातं, दाबलं की खाली. कॉम्प्युटरवर त्याच विमानतळाचं चित्र होतं, तीच धावपट्टी, तोच पलीकडचा तलाव. सीट मात्र एकच, डावीकडची. उजवीकडे नुसती फरशी. "तिथे पुढेमागे दुसरी बसवू," नवरा म्हणाला होता, "म्हणजे मलाही फिरवून आणशील."

कामावरून आली की चहा, आणि मग सहा ते सात सराव. सात वाजता नवरा वर्कशॉपचं शटर ओढायचा, तो आवाज आला की तीही उठायची. असे चार महिने गेले. काही घडलं नाही, घडण्यासारखं काही नव्हतंच.

२

तिचं एकच घोडं अडलं होतं. उतरणं. धावपट्टी जवळ आली की शेवटच्या क्षणी योक हळूच मागे घेऊन नाक वर उचलावं लागतं, म्हणजे विमान अलगद टेकतं. चिमणी हे नेहमी लवकर करायची. मग विमान हवेतच रेंगाळायचं आणि धप्पदिशी खाली यायचं. क्लबात तिला शिकवणारे कप्तान, पासष्टीचे, पिकल्या मिशांचे, दर वेळी कंबर धरून म्हणायचे, "बाई, माझे मणके मला अजून लागणार आहेत."

एका मंगळवारी ती घरी हाच सराव करत होती. सहावी फेरी. धावपट्टी पडद्यावर मोठी होत गेली, तिने सवयीने योक मागे घ्यायला सुरुवात केली, आणि योक आलं नाही. अडकलं असंही नाही. कुणी पलीकडून अलगद धरून ठेवावं तसं ते थांबलं. एक, दोन, तीन इतका वेळ. मग आपणहून मागे आलं, तिच्या हातासकट. चाकं टेकली ती तिला कळलीसुद्धा नाहीत.

ती तशीच बसून राहिली. आजवरचं सगळ्यात सुरेख उतरणं होतं ते.

तिने नवऱ्याला बोलावलं. त्याने योकचं झाकण उघडलं, आतल्या स्प्रिंगा बोटाने ताणून पाहिल्या, तेलाचे दोन थेंब सोडले.

"आत मोटर नाही, काही नाही," तो म्हणाला. "नुसत्या स्प्रिंगा. ओढलं की परत जातात, एवढीच त्यांची अक्कल."

"मग अडकलं कसं?"

"नवीन स्प्रिंग अशीच असते. रुळेल."

तिला पटलं. योक चार महिने वापरात होतं, नवीन राहिलं नव्हतं, हे तिच्या लक्षात आलं, पण ते ती बोलली नाही. पटवून घ्यायचं असलं की माणूस अशा गोष्टी बाजूला ठेवतो.

३

त्यानंतर ते रोज होऊ लागलं. नेहमी शेवटच्या क्षणी. आधी थांबवणं, मग मागे घेणं. कवळीच्या कामात नवीन पोरी आल्या की चिमणी त्यांच्या हातावर हात ठेवून दात कसा बसवायचा ते दाखवायची. हे अगदी तसं होतं. आठवड्याभरात तिला तो क्षण स्वतःलाच कळू लागला. आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडू लागलं होतं. सहा वाजायची ती वाट बघायची.

पुढच्या रविवारी खऱ्या विमानात ती तीनदा उतरली. तिन्ही वेळा कप्तानांचा हात कमरेकडे गेला नाही.

इंजिन बंद केल्यावर त्यांनी किल्ली काढून खिशात टाकली. मग म्हणाले, "घरी कोण शिकवतं तुला?"

"कोणी नाही. कॉम्प्युटरवर करते ना रोज."

"कॉम्प्युटरवर हात असा तयार होत नाही." त्यांनी समोरच्या तबकडीकडे बोट केलं. उंची दाखवणारा काटा तिच्यात होता. "आणि हे कुठे शिकलीस?"

"काय?"

"वळायच्या आधी हिच्या काचेवर बोटाने दोनदा टकटक करतेस. दर वेळी. पूर्वी काटे अडकायचे, म्हणून आमच्या वेळचे लोक असं करायचे. तीस वर्षांत मी कुणाला करताना पाहिलं नाही. मी स्वतःसुद्धा सोडून दिलंय."

चिमणीने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. असं काही केल्याचं तिला आठवत नव्हतं. घरच्या पडद्यावर तर काचेची तबकडी नव्हतीच, नुसतं चित्र होतं.

"बघितलं असेल कुठेतरी," ती म्हणाली.

"असेल," कप्तान म्हणाले, आणि पट्टा सोडून उतरले.

४

सरावाच्या वेळी ती कानांवर हेडफोन घालायची. त्यात इंजिनाची घरघर यायची आणि तोंडाशी असलेल्या माइकमधून तिचा स्वतःचा आवाजही. श्वाससुद्धा ऐकू यायचा. त्याची सवय झाली होती.

तो गुरुवार होता. बाहेर नवरा रंधा मारत होता, त्याचा सर्रसर्र आवाज हेडफोनमधूनही ऐकू येत होता. तलावावरून वळण घेताना चिमणीच्या नाकात भुसा गेला, शिंक येईल असं वाटलं आणि तिने श्वास रोखला.

कानातला श्वास चालूच राहिला.

सावकाश होता तो. तिच्या श्वासापेक्षा लांब, जरासा घरघरणारा, वय झालेल्या माणसाचा. आत. बाहेर. घाई नाही. एखादा शांतपणे बसून समोर बघत असावा तसा.

तिने श्वास सोडला नाही. मनात हिशेब सुरू झाला. आवाज उशिरा येत असेल. आपलाच मघाचा श्वास तारेत अडकून आता बाहेर पडत असेल. किंवा रंध्याचा आवाज माइकमध्ये शिरून असा ऐकू येत असेल. तेवढ्यात बाहेरचा रंधा थांबला. नवरा कुणाशी तरी फोनवर बोलू लागला. कानातला श्वास आपल्या गतीने चालला होता.

तिने हेडफोनची तार कॉम्प्युटरमधून उपटली. इंजिन एकदम गप्प झालं. नुसता श्वास राहिला. आणखी दोनदा आला, मग तोही थांबला.

तेव्हा तिने पहिल्यांदा उजवीकडे पाहिलं. रिकामी फरशी. तिच्यावर वर्कशॉपमधून उडून आलेला भुसा पातळ पसरला होता, रोजच असायचा. मधोमध मात्र तो नव्हता. पाटाएवढी जागा स्वच्छ होती, आणि तिच्यापुढे पावलाएवढ्या दोन.

तिने नवऱ्याला हाक मारली नाही. उठली, झाडू आणला आणि सगळी फरशी झाडून काढली.

५

तीन दिवस ती त्या खोलीत गेली नाही. डोकं दुखतंय म्हणाली. चौथ्या दिवशी नवरा म्हणाला, "सोडलंस का? मी उजवीकडे बसवायला दुसरी सीट बघून ठेवलीय."

"दुसरी नको," ती इतक्या पटकन म्हणाली, की तो बघतच राहिला.

मग तिचं तिलाच हसू आलं. अठरा वर्षं मोजूनमापून काम करणारी बाई, भुशाला भ्यायली. त्या दिवशी सहाला ती जाऊन बसली. हेडफोन घातले नाहीत. पहिली फेरी घेतली. काही झालं नाही. तिला बरंही वाटलं आणि, हे ती कुणाला सांगू शकली नसती, थोडं चुकल्यासारखंही वाटलं.

दुसऱ्या फेरीत उतरण्यासाठी डावीकडे वळायचं होतं. योक उजवीकडे फिरलं.

या वेळी अलगद नव्हतं. ठाम होतं. तिने जोर लावला, पण मनगटं दुखली तरी ते हललं नाही. विमान तलाव ओलांडून पलीकडे निघालं. तलावापुढे काय आहे ते तिने कधी पाहिलं नव्हतं, सराव नेहमी विमानतळाभोवतीच व्हायचा. पडद्यावर हिरव्या रंगाचे सपाट पट्टे सरकत राहिले, त्यांत ना घर ना झाड. पाच मिनिटं. दहा. तिने हात काढून मांडीवर ठेवले. योक जागच्या जागी धरलेलं राहिलं, स्प्रिंगांचा ताण झुगारून. मधूनच किंचित डावीकडे, किंचित उजवीकडे. रस्ता माहीत असलेल्या माणसासारखं.

मग ते हळूहळू आत दाबलं जाऊ लागलं. विमानाचं नाक खाली झुकलं. खाली हिरव्या पट्ट्यांत एक जागा होती, रंग जरा वेगळा. ती मोठी होत चालली. काय आहे ते आता दिसणार, आणखी थोडं खाली गेलं की दिसणार, असं वाटलं. ते आपण बघता कामा नये, एवढं तिला स्वच्छ कळलं.

तिने वाकून भिंतीतला प्लग खेचला.

तिन्ही पडदे काळे झाले. योक आत दाबलेलंच होतं. काळ्या पडद्यात तिला आपला चेहरा दिसत होता आणि ती उजव्या पडद्याकडे मुद्दाम बघत नव्हती. बऱ्याच वेळाने योक बाहेर आलं. स्प्रिंगेने येतं तसं झटकन नाही. कुणी नाइलाजाने सोडावं, तसं.

६

तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने मधे एकदाही तोंड घातलं नाही. मग जाऊन त्या सीटवर बसला, विमान वेडंवाकडं उडवलं, दोनदा आपटलं, योक सगळीकडून फिरवून पाहिलं. काही नाही.

"मी खोटं बोलत नाही," ती दारातून म्हणाली.

"तसं मी म्हटलं का?" त्याने खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला. "तुला भीती वाटते ना? मग हे घरात नको. बस."

तासाभरात त्याने सगळं सुटं केलं. प्लायवूडची कपाटाची फळी झाली, सीट परत भंगारात गेली, योक आणि पेडलं खोक्यात घालून तो कुणाला तरी देऊन आला. खोलीत पुन्हा फळ्या रचल्या गेल्या. चिमणी रात्री शांत झोपली, त्यानंतरही झोपत राहिली.

क्लब तिने सोडला नाही. तिथे उजव्या सीटवर कप्तान असायचे, धिप्पाड, खोकणारे, टोमणे मारणारे. त्या सीटवर आणखी कुणाला जागाच नव्हती. दोन रविवार असे सुरळीत गेले. स्प्रिंगच खराब असणार, हळूहळू तिने मनाशी ठरवून टाकलं. भुसा वाऱ्याने उडाला असणार. श्वासाचं काहीतरी तारेचं असणार. एकेक दात पुन्हा जागेवर बसला.

७

तिसऱ्या रविवारी सकाळी आकाश भरलेलं होतं आणि थंडी चांगलीच होती. एक फेरी झाल्यावर कप्तानांनी विमान धावपट्टीच्या कडेला उभं करायला लावलं. पट्टा सोडला, दार उघडलं आणि खाली उतरले.

"आता तू एकटी. एक फेरी, आणि उतर."

"आज?"

"आज. माझ्यात नवीन शिकवायचं काही उरलं नाही." त्यांनी रिकाम्या सीटवरून पट्टा ओढून अडकवला, म्हणजे तो कुठे लोंबकळून गुंतू नये. "एक लक्षात ठेव. माझं नव्वद किलोचं ओझं उतरलंय. विमान एकदम हलकं होईल, पाखरासारखं उसळेल. घाबरू नकोस."

दार लागलं. चिमणीने वेग दिला. धावपट्टी पळू लागली. ती उसळीची वाट बघत होती. मघाशी कप्तानांसकट ज्या जागी चाकं सुटली होती ती जागा आली आणि मागे गेली. विमान उचललं ते तिच्याही पुढे, आणि उसळलं नाही. जडपणे, कुरकुरत वर चढलं.

हवा थंड आहे, ती मनाशी म्हणाली. पण थंड हवेत विमान जास्त चांगलं चढतं, हे तिला कप्तानांनीच शिकवलं होतं.

तिने उजवीकडे पाहिलं नाही. वळायची वेळ आली. हात आपणहून पुढे गेला असं वाटलं आणि काचेवर दोनदा टकटक झाली. तिने चमकून आपला हात पाहिला. तो मांडीवर होता.

मग मात्र मान वळवल्यावाचून राहवलं नाही. सीट रिकामी होती. पट्टा कप्तानांनी अडकवला होता तसाच होता, पण सीटवर पडलेला नव्हता. हवेत वर उचललेला, ताणलेला होता. आणि उजव्या खिडकीच्या गार काचेवर, बसलेल्या माणसाचं तोंड येईल त्या उंचीला, वाफेचा एक गोल डाग होता. तिच्यादेखत तो विरत गेला. मग पुन्हा उमटला. विरला. उमटला.

दोन्ही सीटसमोर योक होतं आणि दोन्ही एकत्र हलायची. दोन्ही योकं उजवीकडे फिरू लागली. समोर तलाव आला. त्याच्या पलीकडे धुकं.

खाली कप्तान एकटे उभे असतील, वर बघत असतील. घरी नवरा चहाला थांबला असेल. तिने दोन्ही हातांनी योक धरलं आणि हळू आवाजात, एखाद्या म्हाताऱ्या माणसाची समजूत घालावी तसं म्हटलं, "असं नको. आपण आता खाली जाऊ. आपण घरी जाऊ."

बोलून झाल्यावर तिला कळलं, की ती 'मी' म्हणाली नव्हती.

काचेवरचा डाग विरला आणि काही क्षण पुन्हा उमटला नाही. योक सैल झालं. ती डावीकडे वळली. धावपट्टी समोर आली, जवळ आली, आणि शेवटच्या क्षणी ते थांबवणं आलं, आणि मग ते मागे घेणं. चाकं कधी टेकली ते तिला कळलं नाही.

८

कप्तानांनी तिचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. "उतरलीस झकास. पण चढताना नाक का दाबून ठेवलंस? मला वाटलं मी उतरलोच नाही."

"मी आता येणार नाही," ती म्हणाली.

त्यांना ती थट्टा वाटली. पण पुढच्या रविवारी ती गेली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. नवऱ्याने कारण विचारलं नाही. कामावर एका म्हाताऱ्या गृहस्थांची पूर्ण कवळी आली होती, तिच्यात ती रमली. घरात सगळं शांत होतं. मागच्या खोलीत ती मुद्दाम दोनदा जाऊन आली. फळ्यांवर भुसा सारखा पसरलेला होता, कुठेही जागा मोकळी नव्हती. ते आता इथे नाही, हे तिला जाणवलं आणि मोकळं वाटलं. मग कुठे आहे, हा प्रश्न तिने स्वतःला विचारला नाही.

पाच आठवड्यांनी एका शनिवारी कप्तानांचा फोन आला. रुसवा गेला का विचारायला, ते म्हणाले. इकडचं तिकडचं झालं. चिमणीने सहज विचारल्यासारखं विचारलं, "विमान कसंय?"

"म्हातारं झालंय, माझ्यासारखं. हल्ली उजवीकडे ओढतं. इंजिन उघडून पाहिलं, चाकं पाहिली, पंख मोजले. मेकॅनिक म्हणतो काही नाही." मग त्यांना आठवलं. "एक नवीन मुलगी आलीय. जनावरांची डॉक्टर होतेय. महिनाभर नुसती आपटत होती, तुझ्यासारखीच. परवा ती विमानात एकटीच बसून बटणांची उजळणी करत होती तासभर. काल उतरली तर काय सांगू, लोण्यासारखी. हात अगदी तुझा. तेच ते काचेवर टकटक करणंसुद्धा. तू शिकवलंस की काय तिला?"

चिमणीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"उद्या दहाला तिला एकटीला पाठवतोय," कप्तान म्हणाले. "ये बघायला."

फोन ठेवल्यावर ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून राहिली. ती मुलगी तिने पाहिलेली नव्हती. वीस-बावीसची असेल. योक फिरू लागलं की ती काय करेल? जोर लावेल, दमेल. समोर तलाव येईल. समजूत घालायची असते, हे तिला कोण सांगणार? आणि सांगितलं तरी ती हसेल, आपण नसतो का हसलो?

"काय झालं?" नवऱ्याने दारातून विचारलं.

"उद्या सकाळी मला गाडी लागेल," ती म्हणाली. "जरा क्लबात जाऊन येते."

९

ती नऊलाच पोचली. कप्तान ऑफिसात त्या मुलीला नकाशा दाखवत होते. मुलगी उंच, केसांची घट्ट वेणी, भीतीने आणि आनंदाने लाल झालेली. चिमणी म्हणाली, "पाच मिनिटं विमानात बसू का? नुसती बसते. आठवण म्हणून."

"बस की. तुझंच आहे," कप्तान म्हणाले.

मैदानात वारा नव्हता. विमान साखळीने बांधलेलं, अगदी स्थिर होतं. आत गवताचा आणि पेट्रोलचा नेहमीचा वास. ती डावीकडे बसली, दार लावून घेतलं. कुठे काही हालचाल नव्हती. उजव्या सीटवरचा पट्टा सुटा पडला होता. खिडकीची काच स्वच्छ होती. आपण वेड्यासारखं काय करायला आलो, असं तिला वाटलं, आणि त्याच वेळी तिला तो ऐकू आला. सावकाश. आत. बाहेर. या वेळी कानांवर हेडफोन नव्हते.

रडू येईल की काय असं झालं. ती समोर बघत राहिली.

"ती पोर लहान आहे," ती म्हणाली. "तिला तलावापलीकडचं काही माहीत नाही. तिला सोडा."

श्वास चालू होता.

"माझ्याबरोबर चला." आपण कुणाला एवढं अहोजाहो करतोय, हे तिचं तिलाही समजत नव्हतं. "मी नेईन घरी. चला."

ती उतरली, विमानाला वळसा घालून उजव्या बाजूला आली आणि ते दार उघडून धरलं. रुग्णालयाच्या दारात म्हाताऱ्यांसाठी धरतात तसं. काही सेकंद काहीच झालं नाही. मग विमान उजवीकडे कललं. दोन बोटं, फार नाही. चाकावरची दांडी करकरली. कुणी पायरीवर पूर्ण भार देऊन खाली उतरावं, तसं ते आधी झुकलं आणि मग सुटून वर आलं, आणि नंतर थोडा वेळ साखळ्या हलत राहिल्या.

तिने दार लावलं आणि गाडीकडे चालू लागली. वळून पाहिलं नाही. रेतीवर तिच्या पावलांचा आवाज येत होता. फक्त तिच्याच पावलांचा का, हे ओळखू येऊ नये म्हणून ती भरभर चालली.

गाडीपाशी आल्यावर तिने आधी शेजारच्या सीटचं दार उघडलं. थांबली. लावलं. कुंपणापाशी उभी राहिली.

दहा वाजून गेल्यावर कप्तान विमानातून उतरले आणि गवतात जाऊन उभे राहिले. इंजिनाचा आवाज चढला. विमान धावलं, आणि निम्मी धावपट्टीसुद्धा झाली नाही तोच जमिनीवरून उसळून वर गेलं, हलकं, जवळजवळ उडी मारल्यासारखं. कप्तानांनी दोन्ही हात वर केले. मुलीने डावीकडे वळण घेतलं, तलाव उजवीकडे ठेवून फिरली आणि येऊन धप्पदिशी आपटत, दोनदा उड्या मारत उतरली. तिचं स्वतःचं उतरणं होतं ते. चिमणीच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग ती गाडीत बसली आणि किल्ली फिरवली. इंजिन चालू झालं, आणि त्याबरोबर बारीक पिप्-पिप् सुरू झालं. तिने आपला पट्टा लावला. आवाज थांबला नाही. समोर एक लाल दिवा लुकलुकत होता. शेजारच्या सीटवर कुणी बसलं आणि पट्टा लावला नाही, की तो लागायचा.

ती बराच वेळ त्या दिव्याकडे पाहत राहिली. शेवटी तिने, समोरची नजर न काढता, हात लांब केला, पलीकडचा पट्टा चाचपून धरला आणि ओढून आणून अडकवला. आवाज बंद झाला.

रिकाम्या सीटवरून आणायला लागतो त्यापेक्षा तो खूपच जास्त ओढावा लागला होता.